गोंदण सवलत

मल्लिनाथ आंघोळीला गेला होता. त्याचं घड्याळ टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेलं होतं. राजेश्वरीनं ते सहज उचललं आणि आपल्या डाव्या मनगटावर चढवलं. त्या मनगटाभोवती काळ्या वेलबुट्टीचा रुंद पट्टा गोंदलेला होता. धंदा शिकत असताना तिनं तो स्वतःच स्वतःवर काढला होता. घड्याळाच्या पोटातून हिरवा उजेड थोडा वेळ लुकलुकला आणि पडद्यावर अक्षरं आली, 'घड्याळ मनगटावर नाही.'

तिला हसू आलं. तिनं घड्याळ काढलं आणि कोपराच्या अलीकडे, जिथं तांबडं जास्वंद गोंदलेलं होतं, तिथं दाबून धरलं. या वेळी हिरवा उजेड विझला, घड्याळ जरा थांबलं, आणि मग तिच्या नाडीचा आकडा आला. आकड्यापुढे लिहिलं होतं, 'अंदाजे'.

राजेश्वरी म्हेत्रेचं सोलापुरात होटगी रस्त्याला टॅटूचं छोटं दुकान होतं. नवरा मल्लिनाथ टॉवेलांचे कंटेनर बंदरावर पोचवायचा. आणि ते घड्याळ त्याचं स्वतःचं नव्हतं, सरकारी नियमानं मालकानं दिलेलं होतं. त्याचं नाव 'जागल्या'. पूर्वी गावात रात्री पहारा देणाऱ्याला जागल्या म्हणत, ते नाव कुणीतरी विचार करून ठेवलं असावं. रस्त्यावरचे निम्मे मोठे अपघात चालकाला झोप लागल्यामुळे होतात असं सरकारी समितीनं सांगितलं, आणि अवजड गाडीच्या प्रत्येक चालकाच्या डाव्या मनगटाला, नियमानं तिथंच, जागल्या बांधला गेला.

त्याचं काम समजायला सोपं होतं. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातलं रक्त क्षणभर वाढतं आणि परत येणारा उजेड तेवढाच कमी होतो. घड्याळ ही चढउतार मोजतं. मात्र जागल्याला ठोक्यांपेक्षा ठोक्यांमधल्या अंतरात जास्त रस होता. जागा माणूस आणि पेंगुळलेला माणूस यांची ती अंतरं वेगळी पडतात. पेंग येण्याच्या बरंच आधी, माणसाला स्वतःला कळायच्या आत, ती चाल बदलते. चाल बदलली की जागल्या गाडीला कळवायचा, आणि गाडी पुढच्या थांब्यावर उभी राहून चार तास सुरू होत नसे.

कागदावर यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त माल पोचवायच्या वेळा कुणी बदलल्या नव्हत्या. त्या जुन्याच होत्या, चालक न झोपता गाडी हाकत त्या काळातल्या. त्यात मालकानं गाड्या लावायच्या आवाराच्या फाटकावर मोठा फलक लावला होता. त्यावर प्रत्येक चालकाच्या नावापुढे जागल्याचा शेरा रंगात दिसायचा. मल्लिनाथच्या नावापुढे दर आठवड्याला तांबडा. वय बेचाळीस, वीस वर्षं रस्त्यावर काढलेली. आवारातली पोरं त्याला पाठीमागं 'झोपेश' म्हणायची, आणि चांगल्या खेपा त्याच्या हातून निसटून पंचविशीतल्या चालकांकडे चालल्या होत्या.

सवलतीची बातमी त्यानंच आणली. दूरच्या एका जिल्ह्यात बस चालवणाऱ्या एका बाईच्या दोन्ही मनगटांवर लहानपणापासून गोंदण होतं. जागल्याला तिची नाडी दिसेना, म्हणून बस सुरू होईना, आणि तिची नोकरी जायची वेळ आली. ती कोर्टात गेली. अंगावरच्या परंपरेमुळे कुणाचं काम हिरावता येणार नाही, असा निकाल लागला. तेव्हापासून ज्याच्या मनगटावर गोंदण आहे आणि ज्याची नोंद नीट मिळत नाही, त्याला परिवहन कचेरीतून सवलत मिळू लागली. त्याच्या घड्याळानं झोपेचा हिशेब ठेवायचा नाही. घड्याळ हातावर आहे एवढं कातडीच्या उबेवरून ओळखायचं आणि गाडी सुरू होऊ द्यायची. कोर्टाच्या निकालात गोंदण कधी काढलेलं असावं याबद्दल काही नव्हतं.

मल्लिनाथनं हात पुढं केला. राजेश्वरीनं नाही म्हटलं. महिनाभर ती नाहीच म्हणत राहिली. पुणे नाक्याजवळ एक जण तेच काम करतो, एकच सुई चारचौघांना वापरतो, आपण त्याच्याकडे जाऊ, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला दुकानात बोलावलं. त्याला रुद्राक्षाची माळ हवी होती, मनगटाला वेढा घालणारी, मणी एकमेकांना चिकटलेले.

सुई हातात घेण्याआधी ती बराच वेळ बाटल्यांसमोर उभी राहिली. तिला तांबड्या जास्वंदावर उमटलेला आकडा आठवत होता. नको असलेले टॅटू लेझरनं पुसायचं शिक्षण तिनं पुण्याला घेतलं होतं, त्यामुळे कुठला रंग कुठला उजेड पितो हे तिला चांगलं माहीत होतं. दुकानातला नेहमीचा काळा म्हणजे काजळी, शुद्ध कार्बन. तो सगळाच उजेड गिळतो, हिरवाही आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्तही. पण लाल, निळा आणि हिरवा हे रंग ठरावीक प्रमाणात एकत्र केले की दुसरा एक काळा तयार होतो. बघणाऱ्याला दोघांत फरक कळत नाही. हिरवा उजेड त्याच्यातूनही जात नाही. अवरक्त किरणं मात्र त्यातून अशी जातात की जणू तिथं रंग नाहीच.

आणि जागल्याला अवरक्त डोळाही होता. हिरव्यानं भागलं नाही की तो उघडायचा. त्या डोळ्याला ठोक्यांमधलं बारीक अंतर नीट दिसत नसे, म्हणून झोपेचा हिशेब त्याला जमत नसे आणि कचेरीतल्या तपासणीत 'अचूक नोंद अशक्य' असाच शेरा येई. पण माणूस खरोखरच झोपला, नाडी मंदावली, हात ढिला पडला, तर तेवढं त्याला कळायचं आणि तो गाडी बाजूला घ्यायला लावायचा. सवलतीतल्या घड्याळांतही हा डोळा चालू ठेवलेला होता. कुणाचा जीव वाचला तर वाचला, असा बनवणाऱ्यांचा विचार असावा.

राजेश्वरीनं दुसरा काळा कालवला. तो कातडीत बसायला वेळ घेतो, एकावर एक थर द्यावे लागतात. तिनं मल्लिनाथला सांगितलं, तुमची कातडी नाजूक आहे, तीन बैठका लागतील. तो तिन्ही वेळा निमूट येऊन बसला. माळ सुरेख झाली. कचेरीतून सवलत मिळाली, फलकावरून त्याचं नाव निघालं आणि खेपा परत सुरू झाल्या. अनेक महिन्यांनी तो घरात शीळ घालताना ऐकू आला.

त्याला तिनं काही सांगितलं नाही.

मल्लिनाथला सवलत मिळाल्याचं आवारात कळलं आणि चालक दुकानात येऊ लागले. कुणाला गदा हवी होती, कुणाला आईचं नाव, कुणाला नुसताच पट्टा. त्यांना ती नेहमीच्या काळ्यानं गोंदत होती. सुरुवातीला तिनं मनाशी कारणं नीट मांडली होती. मिश्र काळ्याला तीन बैठका लागतात आणि या लोकांना एक दिवस मोकळा मिळत नाही. तो कधीकधी हिरवट दिसू लागतो. ही परकी माणसं आहेत, ती आपल्या जबाबदारीवर येतात. या सगळ्यांच्या तळाशी आणखी एक कारण होतं. चारदोन गाड्या रस्त्यात आपोआप थांबल्या असत्या, तर राजेश्वरीचं गोंदण गळकं आहे असा बोभाटा झाला असता आणि तो मल्लिनाथच्या कानावर गेला असता. या कारणाकडे ती सरळ बघत नसे.

मग नागेश आला. नागेश वाघमोडे हा काही परका नव्हता. तो मल्लिनाथच्या गाडीवर क्लीनर म्हणून लागला, त्याच्याच हाताखाली गाडी शिकला. त्याची बायको सुवर्णा अंगणवाडीत शिकवायची. दोन्ही कुटुंबं मिळून तुळजापूरला जाऊन आलेली होती. त्या दिवशी राजेश्वरीनं मिश्र काळ्याची बाटली खरोखरच हातात घेतली होती. तीन वेळा यावं लागेल, असं ती म्हणाली.

"तीनदा कुठं जमतंय वहिनी?" नागेश म्हणाला. "उद्या माल भरायचाय, परवा कचेरीत तपासणी. एका बैठकीत होतंय तेवढं करा. मल्लूअण्णाच्या हातावर हाय तसंच."

तिनं बाटली ठेवली आणि दुसरी उचलली. दिवाळीत त्याला रिकामपण असेल तेव्हा बघू, असं तिनं ठरवलं. एकदा बसलेला कार्बन पुसायला लेझरच्या कितीतरी बैठका लागतात हे तिला माहीत होतं, तरी ठरवलं.

श्रावण संपता संपता मल्लिनाथ एका खेपेवरून परत आला आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसला. भिगवणच्या अलीकडे, भर दुपारी, काय झालं ते त्यानं सांगितलं. समोर रस्ता मोकळा होता, ऊन होतं. त्यानं डोळा मिटल्याचं त्याला आठवत नव्हतं. गाडीनं स्वतःच डावा इंडिकेटर दिला, वेग कमी केला आणि बाजूच्या पट्टीवर जाऊन उभी राहिली. मागच्या गाड्यांच्या हॉर्ननं तो भानावर आला तेव्हा पुढं काही हातांवर पुलाचा कठडा होता.

"ब्रेकमध्ये काहीतरी बिघाड हाय," तो म्हणाला. "उद्या दाखवून घेतो."

राजेश्वरी पाणी आणायला म्हणून आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. आपण केलेलं लागू पडलं होतं, नवरा बाहेर खुर्चीत बसला होता. तो आनंद तिला पुरता भोगताही आला नाही, कारण लगेच तिच्या डोळ्यांसमोर नागेशचं मनगट आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला फोन केला. त्या वेळची शाई खराब निघाली, परत एकदा काम करावं लागेल, पैसे लागणार नाहीत, असं सांगितलं. पुसायला वेळ लागेल, पण पुसून परत काढू. नागेश हसला. खाज नाही, सूज नाही, रंग उडालेला नाही, मग वहिनी कशाला त्रास घेता, असं म्हणाला. त्या क्षणी तिला खरं सांगता आलं असतं. पण नागेशला सांगणं म्हणजे मल्लिनाथला सांगणं. तो पुणे नाक्यावरच्या त्या माणसाकडे जाऊन माळेवरून काळं मारून आला असता. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

अपघात डाळिंबाच्या हंगामात झाला, सकाळी, टेंभुर्णीच्या पुढं. पॅकिंगच्या कामावर निघालेल्या बायकांचा टमटम रस्त्याच्या कडेला उभा होता. नागेशचा कंटेनर सरळ रेषेत, वेग कमी न करता त्याच्यावर गेला. दोन बायका जागीच गेल्या. एकाच घरातल्या जावा होत्या. नागेश जिवंत राहिला. खुबा मोडला होता आणि दवाखान्यातल्या त्याच्या खाटेशेजारी पोलीस बसलेला होता. ब्रेक लावल्याची एकही खूण रस्त्यावर नव्हती.

चौकशीसाठी घड्याळ बनवणाऱ्यांकडून एक इंजिनिअर आली. अनुजा पेठे तिचं नाव, वयानं लहानच, हळू आवाजात बोलणारी. तिनं सवलत घेतलेल्या सगळ्या चालकांना आवारात बोलावलं. तिच्याजवळ एक लहान कॅमेरा होता आणि तो अवरक्त उजेडात काय दिसतं ते मोठ्या पडद्यावर दाखवायचा. एकेक जण पुढं येऊन टेबलावर हात ठेवत होता. पडद्यावर करडा हात दिसायचा आणि मनगटाच्या जागी कोळशासारखा पट्टा. गदा, नाव, वेल, सगळं काळंच. अनुजा प्रत्येकाची नोंद घेऊन पुढच्याला बोलवायची.

मल्लिनाथनं हात ठेवला. पडद्यावर त्याचं मनगट कोरं होतं. माळेचा एक मणीसुद्धा नव्हता. कातडीखालच्या शिरा नकाशावरच्या नद्यांसारख्या स्वच्छ दिसत होत्या.

अनुजानं कॅमेरा पुसला आणि परत लावला. मग तिनं विचारलं, हे गोंदण दुसरीकडे काढून घेतलं का. तो नाही म्हणाला, आपल्या बायकोनं काढलं. यांची कुणी काढली, तिनं रांगेकडे बघून विचारलं. मग मागून एक जण म्हणाला, "तिनंच."

अनुजानं त्याचं घड्याळ यंत्राला जोडलं आणि जुन्या नोंदी चाळल्या. तिला यात कुणाला दुखवायचं नव्हतं, ती फक्त समोर दिसत होतं ते सांगत होती. भिगवणच्या अलीकडे तुम्ही झोपला होता, ती म्हणाली. घड्याळानं गाडी बाजूला घेतली. तुमच्या हातावरचा रंग वेगळा आहे, म्हणून त्याला ते दिसलं. रांगेतला प्रत्येक जण आपल्या मनगटाकडे बघत होता.

घरी आल्यावर मल्लिनाथनं आवाज चढवला नाही. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यावरून काळं मारून घेतलं असतं."

त्यानं ते नाकारलं नाही. "आणि नाग्याला?"

राजेश्वरीनं उत्तर शोधलं. घाई होती, तीन बैठका होत्या, कचेरीतली तपासणी होती. तोंडात आलेलं यातलं काहीच तिला बोलवेना. तो बाहेरच्या खोलीत जाऊन झोपला. त्या दिवसापासून तो तिथंच झोपू लागला.

सुवर्णा दोन दिवसांनी दुकानात आली, दवाखान्यातून सरळ. तिच्या हातात रिकामा डबा होता. राजेश्वरीनं पुढं केलेल्या स्टुलावर ती बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"ताई, एकच विचारायचंय," ती म्हणाली. "ते दुसरं काळं त्या दिवशी दुकानात होतं का?"

"होतं."

"मग?"

राजेश्वरीनं या वेळी सगळं सांगितलं. बाटली हातात घेतली होती, मग ठेवली. नागेश घाईत होता. नंतर फोन केला, पण खरं कारण सांगितलं नाही. ते का सांगितलं नाही, तेही सांगितलं.

"त्यांना फोन केलात," ती म्हणाली. "मला एक करायचा होता. मी त्यांना हाताला धरून आणलं असतं, तीनदा काय, दहादा."

राजेश्वरी रडू लागली, तेव्हा सुवर्णानं तिची समजूत काढली नाही आणि उठूनही गेली नाही. थोड्या वेळानं तिनं वकिलाचं सांगितलं. गोंदण देवाच्या श्रद्धेनं काढलं होतं असं राजेश्वरीनं लिहून द्यावं, म्हणजे नागेशनं जाणूनबुजून घड्याळ आंधळं केल्याचा आरोप ढिला पडेल, असं वकिलाचं म्हणणं होतं. मालकाचाही तसाच निरोप होता.

"मी काल त्या दोघींच्या घरी जाऊन आले," सुवर्णा म्हणाली. "कुणी हाकललं नाही मला. सासू दारात बसली होती. तिनं मला पाणी दिलं." ती डबा पिशवीत घालून उभी राहिली. "तुम्ही काय लिहून द्यायचं ते तुम्ही बघा. मी वकिलाचा निरोप दिला, एवढंच."

राजेश्वरी दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात गेली. कुणी बोलावलं नव्हतं. तिनं जबाबात सांगितलं, की घड्याळ आंधळं व्हावं म्हणूनच हे सगळे पट्टे काढले होते, चालकांना ते माहीत होतं आणि तिलाही. आपल्याजवळ दुसरा रंग होता आणि तो आपण फक्त नवऱ्याला वापरला. लिहून घेणाऱ्या हवालदारानं मान वर केली आणि विचारलं, फक्त नवऱ्यालाच का? ती म्हणाली, तो मरू नये असं मला वाटत होतं. हवालदार पेन धरून थांबला. आणि बाकीचे, असं त्याला विचारायचं असावं, पण त्यानं विचारलं नाही. तिनंच सांगितलं, की बाकीच्यांचा विचार मी केला नाही, असं लिहा.

त्या जबाबानं कुणाचं भलं लगेच झालं असं नाही. दुकानाला सील लागलं, तिच्यावर गुन्हा नोंदला गेला, जामीन मिळाला. नागेशचा खटला त्यामुळे जडच झाला. त्याचा वकील तिच्याशी बोलेनासा झाला. सवलत पुरती थांबवण्याचा अर्ज कोर्टात गेला, पण सुनावणी होईपर्यंत जुना नियम चालू राहणार होता. राजेश्वरीनं आपल्या हातून गोंदून घेतलेल्या प्रत्येक चालकाला फोन केला. तिच्या ओळखीच्या एका दवाखान्यात लेझरनं पट्टा काढून मिळेल, खर्च ती बघेल, असं सांगितलं. दोघे आले. एकाला त्याच्या आईनं आणलं होतं. बाकीच्यांनी फोन ठेवून दिले. एक जण म्हणाला, तुझ्या नवऱ्याच्या हातावर खिडकी आहे, आमच्या हातावर भिंत, आता आम्हाला शिकवू नकोस.

मल्लिनाथला तर रोज त्यांच्यात वावरायचं होतं. ढाब्यावर तो बाजेवर येऊन बसला की शेजारचे चहा अर्धा ठेवून उठायचे. कुणी भांडलं नाही. फाटकावर त्याचा रामराम कुणी घेत नव्हतं. ज्या पोरांना त्यानं पहिला गिअर टाकायला शिकवला, तीही मान वळवून जात होती.

एका दुपारी तो घरी आला तेव्हा त्याच्या मनगटाला प्लास्टिकची चकचकीत पट्टी गुंडाळलेली होती. राजेश्वरीनं अशा शेकडो पट्ट्या लोकांच्या हातांना बांधल्या होत्या. आत काय आहे ते तिला उघडून बघावं लागलं नाही. तरी तिनं त्याचा हात घेतला आणि पट्टी सोडली. कुणीतरी घाईघाईनं, जाड सुईनं रुद्राक्षांवरून काळं भरलं होतं. कडा सुजल्या होत्या. माळ राहिली नव्हती, नुसता पट्टा होता.

"सगळ्यांच्या हातावर हाय तेच," तो म्हणाला.

तिनं जखम धुतली, मलम लावलं आणि नवी पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी त्याला बंदराची खेप होती. सकाळी तो किल्ली घेऊन निघाला तेव्हा ती दाराला कुलूप लावून त्याच्या मागं जिना उतरली. तिच्या हातात पाण्याची बाटली आणि भाकरी बांधलेलं फडकं होतं. आवारात तो तिच्याकडे न बघता केबिनमध्ये चढला. तीही दुसऱ्या बाजूनं चढली आणि दार ओढून घेतलं. चार चालक उभे राहून बघत होते. मल्लिनाथ स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ बसला. खाली उतर, असं तो म्हणेल म्हणून ती वाट बघत होती. त्यानं गाडी सुरू केली.

मोहोळ गेलं. टेंभुर्णीच्या पुढं एका जागी कडेचा लोखंडी कठडा नवा होता आणि त्याला कुणीतरी झेंडूचा हार बांधला होता, वाळलेला. त्यानं तिथं गाडी अगदी हळू केली आणि मग परत वेग घेतला. इंदापूरला एका झाडाखाली उभ्याउभ्या दोघांनी भाकरी खाल्ली. तिनं लसणाची चटणी त्याच्या हातावर दिली तेव्हा त्यानं ती घेतली. पुन्हा रस्ता लागला. काचेतून ऊन मांडीवर येत होतं. राजेश्वरी रस्त्याकडे बघत नव्हती, ती त्याच्याकडे बघत होती. आपल्याकडे बघितलं जातंय हे त्याला कळत होतं आणि ते त्याला आवडत नव्हतं, हे तिला जबड्यावरून दिसत होतं. तरी तिनं नजर हलवली नाही.

बऱ्याच वेळानं तो बोलला. समोर बघतच बोलला, आणि इतक्या खालच्या आवाजात की तिला आधी नीट ऐकू आलं नाही.

"राजी, मला झोप येतीय."

लग्न झाल्यापासून तिनं त्याच्या तोंडून भूक ऐकली होती, पाठदुखी ऐकली होती, मालकाच्या शिव्या ऐकल्या होत्या. हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. वीस वर्षांत त्यानं ते कुणापाशीच उच्चारलं नसावं. चालक ते बोलत नाहीत.

"मग थांबा," ती म्हणाली.

"बंदरावर वेळेत पोचणार नाही."

"नाही पोचणार."

त्यानं डावा इंडिकेटर दिला. गाडी हळू करत एका बंद पेट्रोल पंपाच्या आवारात नेली आणि इंजिन बंद केलं. मग मागच्या बाकावर चढून कुशीवर वळला. सुजलेला हात त्यानं छातीशी धरला होता. थोड्याच वेळात त्याचा श्वास जड झाला.

मालकाचा फोन आला. गाडी थांबलेली त्याला तिकडे दिसत असणार. फोन वाजत राहिला आणि मल्लिनाथ हलला, म्हणून राजेश्वरीनं तो उचलला. गाडी का उभी आहे, काही बिघाड झालाय का, मालक विचारत होता.

"बिघाड काही नाही," तिनं सांगितलं. "ते झोपलेत. उठले की निघू."